मूल घरी येण्याआधी: सातारच्या एका आईची तयारीची यादी

मूल दत्तक घेण्यासाठी सरकारच्या केअरिंग्ज पोर्टलवर नाव नोंदवण्याआधी एक वही आणा, आणि नवरा-बायकोने एकमेकांना न दाखवता तिच्यात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: आपल्याला मूल कशासाठी हवंय? आम्ही गोडोलीतल्या घरी जेवणं उरकल्यावर लिहायला बसलो. नवऱ्याने लिहिलं होतं, "आईला नातवंड हवंय." मी लिहिलं होतं, "घर फार शांत आहे." दोन्ही वाक्यांत मुलाचा पत्ता नव्हता. त्या रात्री नोंदणी केली नाही. चार महिन्यांनी केली, आणि ते चार महिने वाया गेले असं मला आजही वाटत नाही. वही जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

कागद त्या मानाने सोपे. दोघांचं पॅन कार्ड, जन्मतारखेचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला. गावाकडे लग्न झालेल्या अनेकांची नोंदणी राहून गेलेली असते, ते काम आधी करा. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. दोघांच्या वयाची बेरीजही पाहतात: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जास्तीत जास्त ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. एकटी बाई दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. तान्हं बाळच हवं असेल तर तीन वर्षांहून जास्त थांबायची तयारी ठेवा. मोठ्या मुलांच्या मागे एवढी रांग नसते. आम्ही चार ते आठ हा गट निवडला, तेव्हा ओळखीचे म्हणाले, "एवढं मोठं मूल रुळेल का?" मोठं मूल रुळतं. आपल्याला त्याच्याबरोबर रुळावं लागतं, त्याची तयारी खाली सांगते.

या काळात कुणीतरी हळूच सांगेल, की अमक्या दवाखान्यात एक बाळ आहे, बाँड पेपरवर लिहून देतात, पोर्टलबिर्टलची कटकट नाही. आम्हालाही असा फोन आला होता. तिथेच थांबवा. असं मूल घेणं हा बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, आणि पैसे देऊन घेतलं तर ती मुलाची खरेदी. मूल सोडणाऱ्या आईला कायदा फेरविचारासाठी ६० दिवस देतो. बाँडवाला माणूस तिचे ते दिवस हिसकावून घेतो. उसाच्या फडात किंवा एसटी स्टँडवर सोडलेलं बाळ दिसलं, तरी घरी न नेता मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करा. बालकल्याण समितीने कायदेशीररीत्या मुक्त ठरवलेलं मूलच दत्तक जातं.

आता घरातली मोठी माणसं. याला सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्या साताऱ्यात दत्तक म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे गादी आणि वारस उभा राहतो. साहजिकच आहे. १८४८ साली छत्रपती शहाजी महाराजांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि सातारचं राज्य खालसा झालं, हे इथे सगळे ऐकत मोठे होतात. सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच: "कुणाचं रक्त, कुणाची जात?" मी चिडले असते तर विषय तिथेच संपला असता. त्या दर ३ जानेवारीला मैत्रिणींबरोबर नायगावला जातात. मी विचारलं, "आई, सावित्रीबाईंचा यशवंत कोण होता हो?" त्यांना माहीत होतं. जोतीराव-सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना नेत होत्या ते याच यशवंताच्या दवाखान्यात, आणि त्यातच त्या गेल्या. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नातीसाठी गोधडी शिवायला घेते." प्रत्येक घरी इतक्यात निभेल असं नाही. पण समाजसेविका गृह अभ्यासासाठी, म्हणजे आपलं घर आणि माणसं पाहायला, घरी येते तेव्हा ती सगळ्यांशी बोलते, आणि मुलाला नको म्हणणारं माणूस घरात असेल तर ते तेव्हाच बाहेर आलेलं बरं.

मुलाची माहिती पोर्टलवर आली की ते मूल आपल्या नावाने राखून ठेवायला ४८ तास मिळतात. आपला बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा म्हणजे वैद्यकीय अहवाल त्याच दिवशी वाचून होईल. फोटो मात्र कुणालाही पाठवू नका, मावसबहिणीच्या ग्रुपवरसुद्धा नको. ते मूल अजून तुमचं झालेलं नाही, आणि त्याचा चेहरा असा फिरवायला कायद्याची मनाई आहे.

संस्थेत मुलाच्या भेटीला जाताना खेळण्यांचा ढीग नेऊ नका. दोघांचे, आजीचे, घराचे, जिन्याचे, गल्लीतल्या कुत्र्याचे फोटो वहीत चिकटवून न्या. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची स्वतःची संमती लागते. आमची मुलगी सहा वर्षांची होती. तिने पानं दोनदा उलटली आणि विचारलं, "कुत्रं चावतं का?" खरं उत्तर द्या. आम्ही सांगितलं, कधी कधी भुंकतं, चावलेलं नाही. ते कुत्रं तिच्यासमोर भुंकलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं आमच्यावरचा पहिला विश्वास तिथे बसला.

संस्थेतून निघताना तिची रोजची चादर आणि एक जुना फ्रॉक मागून घ्या, आणि घरी आणून लगेच धुऊ नका. त्या वासावर मूल झोपतं. नाव बदलू नका. सहा वर्षं तेवढंच एक तिचं स्वतःचं होतं. तिथे सांभाळणाऱ्या सगळ्या बायका मावशी असतात, म्हणून ती तुम्हालाही मावशी म्हणेल. आमच्याकडे तीन महिने म्हणाली. मी कधीच दुरुस्त केलं नाही. गाद्या उचलताना उशीखाली पोळीचा तुकडा सापडेल, कपाटात बिस्किटं सापडतील. ओरडू नका. तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, तो कधी रिकामा राहू देऊ नका, आणि विचारून खायचं असा नियम त्या डब्याला लावू नका. आमचा डबा वर्षभर होता. रात्री दिवा चालू ठेवा. पहिला महिनाभर पाहुणे नकोत. कंदी पेढे घरोघर जाऊन वाटा, लोकांना पेढे खायला घरी बोलावू नका.

शाळेत नाव घालताना वर्गशिक्षिकेला आधी भेटा. "तान्हेपणीचा फोटो आणा", "आपला वंशवृक्ष काढा" हे प्रकल्प येणारच, तेव्हा तिच्यापाशी काय आहे आणि काय नाही ते बाईंना ठाऊक असू द्या. ती दत्तक आहे हे तिला स्वतःला पहिल्या दिवसापासून माहीत हवं, बाळ असलं तरी. ज्या घरांनी लपवलं तिथे ते एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणात परक्या तोंडून कळतं. त्या वहीत तिची गोष्ट लिहून ठेवा: कुठे सापडली, कुणी सांभाळली, आम्ही कोणत्या दिवशी भेटलो. जन्मदात्या आईबद्दल माहिती नसेल तर रचून काही लिहू नका.

प्रत्येक मूल दत्तकाला मोकळं नसतं, हेही सांगायला हवं. कुणाची आई इस्पितळात असते, कुणाचा बाप तुरुंगात. अशा मुलांना काही काळापुरतं घर लागतं, त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात त्याची चौकशी होते. तिथली तयारी माझ्या मते जास्त कठीण, कारण मूल परत जाणार हे मनात धरूनच त्याला जीव लावायचा, आणि त्याच्या आईबद्दल वावगा शब्द तोंडातून काढायचा नाही. तुमच्या वाडीत एखादी आजी बिनआईच्या नातवाला सांभाळत असेल, तर तिला बालसंगोपन योजना सांगा. दरमहा २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. तिच्याबरोबर एक फेरी तुम्हीच मारा; त्या खिडकीवर एकट्या म्हातारीला फार ताटकळावं लागतं.

आमच्या वेळी दत्तकाचा आदेश न्यायालयातून आला. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. आदेशाच्या तीन-चार प्रती काढून ठेवा. जन्मदाखला, आधार, शाळा सगळीकडे लागतात. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका येत राहते. तिच्यासाठी घर आवरून बसू नका. पहिल्या भेटीत मी सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं आणि रात्री रडले. दुसऱ्या वेळी खरं सांगितलं: ती ताट भिरकावते, मला मारते, आणि कधी कधी मला ती आवडत नाही. त्या बाईंनी डोळे वर करून पाहिलंसुद्धा नाही, पर्समधून समुपदेशकाचा नंबर काढून दिला. तो नंबर मूल येण्याआधीच मिळवून ठेवा.