स्कॉटलंडच्या हिवाळी डोंगरात जाताय? या चुका टाळा

स्कॉटलंडचं सर्वात उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. एडिंबरा-ग्लासगोला नव्याने आलेला प्रत्येक मराठी ट्रेकर हा हिशेब कधी ना कधी मांडतोच. मीही मांडला होता. सगळ्या चुकांची सुरुवात इथूनच होते, म्हणून आधी तो पुसून टाका. बेन नेव्हिसच्या पायथ्याचं गाव फोर्ट विल्यम जवळपास ५७ अंश उत्तरेला आहे, अटलांटिकच्या वाऱ्याच्या तोंडावर, आणि बेन नेव्हिसची चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. गाडी लावली तिथे पाऊस, निम्म्या चढावर पचपचीत ओला बर्फ, माथ्यावर काचेसारखा कडक थर, हे सगळं एकाच वाटेवर एकाच दिवशी भेटतं. लडाखच्या कोरड्या थंडीपेक्षा ही ओली थंडी मला जास्त त्रासदायक वाटते, कारण इथे माणूस आधी भिजतो आणि मग गारठतो. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा. कापूस एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही.

सकाळ हातची घालवणं

डिसेंबरात इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम दिला, तो आजही वापरतात: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बेन नेव्हिसची नेहमीची वाट जाऊन-येऊन साधारण १७ किलोमीटर आहे. एका बाजूचे साडेआठ किलोमीटर आणि तेराशेहून जास्त मीटर चढाई धरली, तर न थांबता, चांगल्या वाटेवर, नुसतं चढायलाच चार तास. बर्फात पाय रुतायला लागले की त्यात तास-दीड तास सहज वाढतो. नाश्ता करून दहाला निघालात तर माथ्यावर पोचेपर्यंत दिवस संपत आलेला असेल.

त्यामुळे पहिला तास अंधारातच चालायचा. हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, सोबत जादा बॅटरी हवी. मागे फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा, आणि ती झाली की माथा दोनशे मीटरवर दिसत असला तरी वळा.

गावाचं हवामान बघून डोंगरावर जाणं

फोनवर ‘एव्हीमोर, ४ अंश, ढगाळ’ दिसतं आणि बरं वाटतं. पण एव्हीमोर हे केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याचं गाव, तो अंदाज दरीतला असतो. डोंगरासाठी ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा अंदाज वाचा. त्यात वाऱ्याचा तुमच्या चालण्यावर काय परिणाम होईल हे वेगळं लिहिलेलं असतं. मी तपमानाआधी तेच वाचतो. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा झोत नोंदवला गेला. तो विक्रम होता, पण ताशी ८० किलोमीटरचा वारा हिवाळ्यात तिथे नवलाचा नाही, आणि त्यात धड उभंही राहवत नाही. असा अंदाज असेल तर खालच्या पाइनच्या रानात, तळ्याकाठी फिरा. तोही सुंदर दिवस जातो.

नवा बर्फ साठतो कुठे, ते न बघणं

हिमस्खलन म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो, पण इथल्या या बुटक्या डोंगरांतही माणसं त्यात जातात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ‘स्कॉटिश अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस’ लोखाबर, ग्लेन्को, केर्नगॉर्म अशा भागांसाठी रोजचा अहवाल देते. पाच पायऱ्यांची धोक्याची पातळी असते. बरेच जण तेवढाच आकडा बघून पान बंद करतात. खरी माहिती त्याच्या पुढे आहे: कोणत्या दिशेच्या आणि कोणत्या उंचीवरच्या उतारांवर धोका आहे.

यामागचं गणित सोपं आहे. वारा नैर्ऋत्येकडून आला तर बर्फ उचलून ईशान्येकडच्या, आडोशाच्या उतारांवर टाकतो. तिथे त्याची पाटी तयार होते, खालच्या थराला नीट न चिकटलेली. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसाच्या वजनाने ती सुटते. म्हणून ‘आज बर्फ पडलाच नाही’ याने निर्धास्त होऊ नका. काल वारा कुठून होता ते विचारा. चालताना पायाखालून भेगा धावत गेल्या किंवा ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, तर आल्या वाटेने परत फिरा.

कड्याच्या टोकावर वारा बर्फाची पुढे आलेली झालर बांधतो. वरून ती जमीनच वाटते. कड्यापासून बरंच आत चाला.

सामान सॅकला बांधून ठेवणं

आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) सॅकच्या मागे लटकलेली आणि मालक कडक उतारावर मधोमध उभा, हे दृश्य दर हिवाळ्यात दिसतं. अ‍ॅक्स हातात आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, पायात उतार सुरू होण्याआधीच, सपाटीवर यायला हवेत. साखळीवाले छोटे स्पाइक्स खालच्या गोठलेल्या वाटेला ठीक, तीव्र उताराला मुळीच नाहीत. बूट लवचीक असेल तर त्याला क्रॅम्पॉन टिकत नाही. दुकानात बूट घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा.

ओल्या बर्फात क्रॅम्पॉनखाली गोळे जमतात आणि दात जमिनीला लागतच नाहीत. खाली रबरी पाटी असलेले घ्या, तरीही जमले तर दर काही पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाला टोला मारून पाडा. घसरल्यावर अ‍ॅक्सने थांबायचं तंत्र व्हिडिओ बघून येत नाही. खाली सुरक्षित सपाटी असलेल्या छोट्या उतारावर पन्नासदा करून बघा. एव्हीमोरजवळच्या ग्लेनमोर लॉजला एक-दोन दिवसांचे हिवाळी वर्ग असतात, तिथे खर्च केलेला पैसा सार्थकी लागतो.

हातमोज्यांचं मात्र जरा सविस्तर सांगतो. केर्नगॉर्मच्या पठारावर नकाशा उलगडायला मी उजवा मोजा काढून काखेत धरला. झोत आला, मोजा गेला. दोन मिनिटांत बोटं पांढरी पडली, पाच मिनिटांत सॅकची बकल दाबता येईना. माझ्या मैत्रिणीने माझी सॅक उघडली, स्वतःचा जादा मोजा माझ्या हातात घातला, आणि होकायंत्रही तिनेच धरलं. तेव्हापासून मोजे मनगटाला इलॅस्टिकने बांधलेले असतात आणि सॅकमध्ये कोरड्या दोन जोड्या असतात.

फोनच्या भरवशावर माथा सोडणं

थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनही अचानक मरते. ढग उतरले आणि जमीन-आकाश एकाच रंगाचं झालं की आपण चढतोय की उतरतोय हेही कळत नाही. बेन नेव्हिसच्या माथ्यावर एका बाजूला गार्डीलू घळ, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर घळ. मधून सुटायचे कोन ठरलेले आहेत: माथ्याच्या खांबापासून नकाशावरच्या २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर. ते कागदावर लिहून खिशात ठेवा. १५० मीटर मोजायचे कसे, तर पावलांनी. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते घराजवळच्या बागेत मोजून ठेवा, बर्फात ती वाढतात हेही धरा.

नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्म पठारावर एडिंबराच्या शाळेतली पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची एक तरुण मदतनीस थंडीने गेली. त्यांना एका छोट्या निवाऱ्याच्या खोपटापर्यंत पोचायचं होतं, वादळात ते गाठता आलं नाही. पुढे पठारावरची अशी खोपटी काढून टाकली. वर निवारा मिळेल असं धरून कोणताही बेत आखू नका. सगळ्यांना आत बसता येईल अशी कापडी पिशवी, म्हणजे ग्रुप शेल्टर, सॅकमध्ये ठेवा. वाऱ्यातून आत शिरल्यावर दोन मिनिटांत ऊब येते, आणि डोकं पुन्हा चालायला लागतं.

अडकल्यावर

९९९ फिरवा, पोलीस मागा, त्यांना ‘माउंटन रेस्क्यू’ सांगा. रेंज कमी असेल तर मेसेज जातो, पण त्यासाठी आधीच ९९९ ला ‘रजिस्टर’ असा इंग्रजी शब्द पाठवून नोंदणी करावी लागते, ती आजच करा. शिट्टीचा इशारा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. येणारे लोक स्वयंसेवक असतात, नोकरीवरून, जेवणावरून उठून येतात आणि पैसे घेत नाहीत.

म्हणून निघताना घरी कोणाला तरी वाट, गाडीची जागा आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळव’ अशी वेळ सांगून ठेवा. आणि खाली उतरल्यावर, बूट काढायच्याही आधी, त्यांना ‘उतरलो’ एवढा मेसेज टाका.