तुमचं नेट कुठून जातं आणि कुठे अडतं? राउटिंग शिकायची घरगुती सुरुवात

नेट अडखळायला लागलं की आपण सगळ्यात आधी प्लॅन वाढवतो. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, तरी घरातल्या कुणी मोठी फाइल पाठवायला घेतली की व्हिडिओ कॉल तुटतोच. कारण इथे प्रश्न वेगाचा नसून रांगेचा असतो. नेटवरची माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट कोणत्या वाटेनं जातं हे राउटिंग ठरवतं, आणि वाटेत ते किती खोळंबतं हा ट्रॅफिक मॅनेजमेंटचा विषय. दोन्ही गोष्टी घरच्या लॅपटॉपवर, फुकटात शिकता येतात. नेटवर्कचे सात थर (पुस्तकांत नेटवर्कचं काम ज्या सात पायऱ्यांत वाटून दाखवतात ते) पाठ करून सुरुवात करू नका, असं माझं ठाम मत आहे. आधी स्वतःची लाइन तपासा, थर नंतर आपोआप समजतात.

खालच्या कमांड विंडोजच्या आहेत. इथे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच घ्या.

१. स्वतःचा पत्ता बघा

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. आयपी पत्ता (समजा १९२.१६८.१.५), सबनेट मास्क (२५५.२५५.२५५.०) आणि डीफॉल्ट गेटवे (१९२.१६८.१.१) दिसेल. हा मास्क सांगतो की ज्या पत्त्याचे पहिले तीन भाग तुमच्यासारखे, तो घरातलाच. त्याला पॅकेट थेट जातं, बाकी सगळं गेटवेकडे, म्हणजे तुमच्या राउटरकडे. राउटिंगचा हा पहिला निर्णय तुमचा लॅपटॉपच घेतो.

२. राउटिंग टेबल वाचा

आता 'राउट प्रिंट' (दोन शब्द, मध्ये जागा). प्रत्येक ओळीत कुठे जायचं आणि त्यासाठी कुणाच्या हाती सोपवायचं, एवढंच लिहिलेलं असतं. ०.०.०.० ची ओळ म्हणजे 'दुसरं काही जुळलं नाही तर इकडे'. संपूर्ण वाट कुठल्याच राउटरला ठरवावी लागत नाही. प्रत्येक जण फक्त पुढचा टप्पा ठरवतो.

एकाच पत्त्याला दोन ओळी जुळल्या तर जास्त नेमकी ओळ जिंकते. पिनकोडसारखंच आहे हे: ४११ म्हणजे पुणे, पण ४११०३० ची वेगळी पिशवी असेल तर सदाशिव पेठेचं पत्र त्याच पिशवीत पडणार. हा नियम नीट डोक्यात बसवा, कारण त्याच्या जोरावर २४ फेब्रुवारी २००८ ला यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात बंद पडलं होतं. पाकिस्तान टेलिकॉमला ते फक्त देशात रोखायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांतला एक छोटा, नेमका तुकडा 'आमच्याकडे आहे' असं जाहीर केलं आणि ती घोषणा देशाबाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा चौपट मोठ्या गटाची, म्हणजे कमी नेमकी होती. मग जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे पाकिस्तानची वाट धरली. कंपन्यांच्या नेटवर्कांमध्ये अशा घोषणा पोचवणाऱ्या पद्धतीला बीजीपी म्हणतात.

३. वाट शोधा

'ट्रेसर्ट' (टी-आर-ए-सी-ई-आर-टी), मग जागा सोडून ८.८.८.८ (हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता). प्रत्येक पॅकेटवर एक उलटा मोजणारा आकडा असतो, टीटीएल. दर राउटर तो एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम १, २, ३ असे आकडे लावून पॅकेट सोडतं, म्हणून एकेक राउटर आपलं नाव सांगत जातो.

मधल्या ओळीत तारे दिसले, पण पुढच्या ओळी व्यवस्थित आल्या, तर बिघाड नाही. त्या राउटरने उत्तर द्यायचं टाळलं, एवढंच. शेवटच्या ओळीतला वेळ महत्त्वाचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७२०० किमी, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. कोणताही महागडा प्लॅन हा आकडा खाली आणू शकत नाही.

४. रांग मोजा

हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. एका खिडकीत 'पिंग -टी ८.८.८.८' चालू ठेवा आणि आकडे बघा. पिंग छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजतं. मग एखादा मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर अपलोड करायला लावा. (थांबवायला कंट्रोल-सी.) आधी १५ मिलिसेकंद होते ते ३०० झाले, तर तुमची पॅकेटं मोडेमच्या किंवा राउटरच्या फुगलेल्या बफरमध्ये (पॅकेटं रांगेत थांबवून ठेवायच्या जागेत) अडकलीत. याला बफरब्लोट म्हणतात.

बफर मोठा असणं चांगलंच, असं वाटतं, पण पाठवणाऱ्या संगणकाला गर्दी कळते ती मुख्यतः पॅकेट गळाल्यावर. बफर सगळं साठवत राहिला तर इशारा उशिरा पोचतो. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटांवर कोसळला होता. त्यावर संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला (पॅकेटं नीट पोचवायची जबाबदारी घेणाऱ्या पद्धतीला) गर्दी ओळखून हात आखडता घ्यायला शिकवलं. ट्रेसर्ट ज्या मूळ ट्रेसराउटवरून आलं तेही त्यांचंच, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत बफरब्लोटवरचा कोडेल हा उपायही त्यांनीच मांडला.

५. रांगेला शिस्त लावा

राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस शोधा. रांग आवरायच्या आणि कुणाला आधी सोडायचं ते ठरवायच्या या सोयी. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम टाकता येतं. अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो प्रत्येक जोडणीला आळीपाळीने वाट देतो. पुन्हा चौथा टप्पा करून फरक बघा.

६. तीन राउटर जोडा

सिस्को या नेटवर्क कंपनीचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावरच नकली नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर, नोंदणी करून मोफत मिळतं. त्रिकोणात तीन राउटर जोडा, प्रत्येकामागे एक पीसी. आधी वाटा हाताने लिहा. पिंग झालं नाही तर बहुतेक वेळा परतीची वाट लिहायची राहिलेली असते, तेच आधी तपासा. मग त्या वाटा पुसून ओएसपीएफ (राउटरांनी आपसात बोलून वाटा शोधायची पद्धत) चालू करा, एक तार तोडा आणि टेबल स्वतःहून बदलताना बघा. तार पुन्हा जोडून एका दुव्याची कॉस्ट (वाटेला लावलेली किंमत, कमी असेल ती वाट निवडली जाते) वाढवा, म्हणजे ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने वळेल. एक खाचखळगा: सिस्कोच्या मूळ सेटिंगमध्ये १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस, दोन्ही दुव्यांची कॉस्ट १ च धरली जाते. वेगवान दुव्याला पसंती मिळावी असं वाटत असेल तर रेफरन्स बँडविड्थ (ज्या आकड्याला दुव्याच्या वेगाने भागून कॉस्ट काढतात तो) वाढवा, आणि तिन्ही राउटरांवर सारखीच ठेवा.