या चुका टाळा : मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडताना

नागपुरात सरावाला संख्या हवी असेल तर पिनकोड घ्यावा. सहा अंकी, तोंडपाठ आणि फुकट. ४४००२२ घेऊ. शेवटी २ आहे, २ ने भागा : २२००११. अंकांची बेरीज ६, म्हणजे ३ ने जातो : ७३३३७. आता एकाआड एक अंक : ७+३+७ = १७, ३+३ = ६, फरक ११. म्हणून ११ ने : ६६६७.

गाडी घसरते ती इथे. ७, १३, १७ करत पोरं ४७ पर्यंत येतात, तिथेही बाकी ४० उरते आणि निकाल लागतो, ‘अबे, पन्नासपर्यंत बघितलं ना, मूळच आहे!’ पन्नासच का? तर यादी तिथपर्यंत पाठ असते म्हणून. संख्या मूळ नसेल तर तिचा एक तरी मूळ अवयव वर्गमूळापर्यंत सापडतोच. ६६६७ चं वर्गमूळ ८१ आणि थोडं वर, म्हणजे ७९ पर्यंत जायलाच हवं होतं. ५३ ने बाकी ४२ आणि पुढच्याच ५९ ने पूर्ण भाग : ५९ × ११३. फक्त दोन भागाकार राहिले होते! तेवढ्यासाठी विभाजक ३२ ऐवजी १६ येतात आणि त्यांची बेरीज ९,८४,९६० ऐवजी ९,६०,१९२. वर पडताळाही दगा देतो, कारण २ × ३ × ११ × ६६६७ चा गुणाकार ४४००२२ च येतो. गुणाकार जुळला म्हणजे अवयव मूळ आहेत असं होत नाही.

सवय एकच लावा : भागाकार सुरू करण्याआधी वर्गमूळ पानाच्या कोपऱ्यात लिहायचं आणि संख्या लहान झाली की ते खोडून नवं लिहायचं. हे न करणारे उलट्या बाजूनेही मरतात. ४४०००१ चं वर्गमूळ ६६३. ९ ने भागल्यावर ४८८८९ उरतात, त्यांचं वर्गमूळ २२१. तरी काही जण ६६३ पर्यंत हमाली करत बसतात. २११ ही या हद्दीतली शेवटची मूळ संख्या. तिनेही भाग जात नाही, म्हणजे ४८८८९ मूळ. इथे शॉर्टकट नाही, शोधूही नका.

विभाजक मोजताना घातांकांत १ मिळवून मग गुणायचं. ४४०००१ = ३² × ४८८८९, म्हणून ३ × २ = ६. नुसते घातांक गुणले तर २ येतात, आणि तेवढे तर कुठल्याही मूळ संख्येलाही असतात.

२ ने जातो, ६ ने जातो, म्हणून १२ ने जातो? ४४००२२ ला १२ ने भागून बघा, ६ उरतील. कसोट्या जोडायच्या तर दोन्ही संख्या सहमूळ हव्यात, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नको. १२ साठी ३ आणि ४.

४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर असते. सुरुवातीचे ४४ बघून भुलू नका.

सोळा अंकी संख्या एक्सेलमध्ये आकडा म्हणून टाकली तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण ते पंधराच अंक धरून ठेवतं. मग ‘१० ने भाग जातो’ असं उत्तर येतं, ते तुमच्या संख्येचं नसतं.