अँटिव्हायरस विकत घेण्याआधी

नवा संगणक घरी आला की 'अँटिव्हायरस कोणता टाकू?' हाच प्रश्न आधी विचारला जातो. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो आणि माझ्या मते घरगुती वापराला तो पुरतो. वाचलेल्या पैशांत एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी, तिचे काम पुढे येईलच.

सुरुवात अपडेटपासून करावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) सुमारे १५० देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या त्रुटीतून तो पसरत होता ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ते ज्यांनी टाकले नव्हते, ते सापडले. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे ११ वर जावे, आणि यंत्र जुने असल्याने ते जमत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करावा.

रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नव्हे, तर स्टँडर्ड यूजर प्रकारचे वेगळे खाते उघडावे. मग एखादा प्रोग्रॅम संगणकात मोठा बदल करू पाहील तेव्हा ॲडमिनचा पासवर्ड मागितला जाईल. आपण काहीच इन्स्टॉल करत नसताना तो मागितला गेला, तर सरळ 'नो' दाबावे.

विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे तिचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे, लपवते (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम), त्यामुळे 'वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'वीजबिल.पीडीएफ' अशी साळसूद दिसते, आणि चिन्हही पीडीएफचेच लावलेले असते. विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, त्यातील शो आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' निवडले की हे सोंग उघडे पडते. विकतचे सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या क्रॅकसोबत तर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचनाच असते. चोराने येण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगावे, तसा हा प्रकार आहे.

आता ती हार्ड डिस्क. आठवड्यातून एकदा जोडावी, फोटो आणि कागदपत्रे उतरवून घ्यावीत, त्यांतील एखादी फाइल उघडून पाहावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही रॅन्समवेअर कुलूपबंद करते.

ईमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी) लावावीच. एवढे करूनही खात्यातून पैसे गेले, तर संगणकाचे इंटरनेट तोडून फोनवरून ताबडतोब बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावे. पासवर्ड मात्र त्याच संगणकावरून बदलू नयेत.