वाघ, काच आणि मधला माणूस: राणीच्या बागेत फोटो शिकताना

कॅमेरा हातात आला की पहिल्या महिन्यात प्रत्येकाला वाघच काढायचा असतो. मलाही होता. ताडोबाचा हिशोब मांडून बघितला: जिप्सी, राहणं, रेल्वे. आकडा माझ्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर गेला. कॅमेरा बोरा बाजारातला, सेकंडहँड, सोबत १८-५५ (जवळचं) आणि ५५-२५० (लांबचं) मिलिमीटर अशा दोन झूम लेन्स. मग गुपचूप भायखळ्याला उतरलो आणि पन्नास रुपयांचं तिकीट काढून राणीच्या बागेत शिरलो. आज लग्नं आणि कार्यक्रम शूट करून घर चालवतो. कामाला लागणारा अर्धा धीर त्या बागेत कमावलाय, म्हणून नवीन पोरं विचारतात तेव्हा त्यांना आधी तिकडेच पिटाळतो.

बुधवारी बाग बंद असते. हे मी फाटकासमोर उभा राहून शिकलो, तुम्ही इथेच शिका. प्राणी हवे असतील तर मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जा. माणसं हवी असतील तर रविवार किंवा मे महिन्याची सुट्टी. दोन्ही एकाच दिवशी साधायचं तर सकाळचे पहिले दोन तास प्राण्यांना द्या आणि गर्दी वाढली की लेन्स बदला. दुपारी बारा ते तीन प्राणी झोपतात, ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली काळी सावली पडते. त्या वेळात डबा खा किंवा शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन बसा. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं आणि आतला उजेड बघण्यासारखा आहे.

जाळीचं आधी सांगतो, कारण नव्या माणसाचे निम्मे फोटो जाळीत अडकतात. कॅमेरा बिचारा जवळची वस्तू पकडतो, म्हणजे तारा धारदार आणि मागचा प्राणी धूसर. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. झूम पूर्ण ताणा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, जेवढं उघडेल तेवढं उघडा, आणि प्राणी जाळीपासून दोन-तीन हात मागे सरकेपर्यंत थांबा. मग तारा विरघळून जातात. जाळीवर ऊन पडलं असेल तर मात्र काही केल्या पांढुरका पडदा येतो. तेव्हा झाडाची सावली जाळीच्या ज्या भागावर असेल तिथून बघायचं. लेन्स जाळीला टेकवता यावी म्हणून कठडा ओलांडणारे महाभाग दर रविवारी दिसतात. ओलांडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्याच्या ३८-जे कलमात प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, सगळ्याला मनाई आहे. काचेवर टकटक करणंही त्यातच आलं, असं मी तरी मानतो.

पेंग्विनची गोष्ट वेगळी. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आले. त्यांचा मूळ मुलूख पेरू-चिलीचा किनारा, त्यामुळे बर्फातल्या पेंग्विनचा फोटो मिळेल अशी आशा ठेवू नका. आत अंधार, निळसर उजेड आणि मागून लोकांचा रेटा. फ्लॅश चालत नाही, आणि चालला असता तरी काचेत फक्त तुमचाच लखलखाट आला असता. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्या, शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली आणू नका, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा म्हणजे निळा रंग घरी दुरुस्त होतो. लेन्सच्या तोंडावर स्वस्तातला रबरी हूड (बाजूचा उजेड अडवणारी कड) लावून तो काचेला अलगद टेकवायचा आणि काचेला काटकोनात उभं राहायचं. गडद शर्ट घाला. माझ्या पहिल्या पंचवीस फोटोंत पेंग्विनच्या पोटावर माझा पिवळा टी-शर्ट आहे.

असा वर्षभर मी काचेतल्या प्रतिबिंबाशी भांडत होतो. मग एका गुरुवारी वाघाच्या काचेपाशी एक वॉचमन दिसले. रात्रपाळी करून आलेले असावेत, निळा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात डब्याची पिशवी. इतर लोक काचेला नाक लावून ‘ए वाघ्या, इकडे बघ ना’ करत होते. हे काका मात्र चांगले सहा-सात फूट मागे, उन्हात, गप्प उभे. वाघ पलीकडे सावलीत तेवढ्याच अंतरावर पसरला होता. मी सवयीने प्रतिबिंब चुकवायला बाजूला सरकलो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काकांची टोपी वाघाच्या खांद्यावर येऊन बसली. दोघंही धारदार.

घरी जाऊन डोकं खाजवलं तेव्हा कारण कळलं. काच आरशासारखी वागते. माणूस काचेच्या जितका पुढे, तितकंच त्याचं प्रतिबिंब काचेच्या मागे पडतं. वाघही तेवढाच मागे असेल तर फोकस दोघांना एकच पुरतो. अंतर जुळत नसेल तर ॲपर्चर लहान, म्हणजे एफ ८ किंवा ११ करून ओढूनताणून जमवावं लागतं. दुसरी अट उजेडाची: माणूस उन्हात, प्राणी सावलीत. दोघंही उन्हात असले तर प्रतिबिंब फिकं पडतं. तेव्हापासून मी काचेसमोर माणसांच्या उभं राहण्याची अंतरं मोजतो. लोकांना वाटतं हा वेडा आहे.

काकांना मी फोटो काढून झाल्यावर जाऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘गावी पाठवतो, व्हॉट्सॲप कर.’ नेहमी असं गोड होत नाही. त्याआधी एकदा पाणघोड्याच्या कठड्यावर एक चिमुरडी वडिलांच्या खांद्यावर बसून जांभई देत होती आणि खाली पाणघोड्यानेही आ वासला. मी धडाधड सहा फोटो काढले. वडील वळले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं. चूक माझीच होती. सॉरी म्हणून त्यांच्यासमोर सहाही पुसले. तेव्हापासून लहान मूल चौकटीत असेल तर आधी आई-वडिलांशी डोळ्यांनी बोलतो, कॅमेरा थोडा उचलून ‘चालेल ना?’ असं. हो म्हणाले तरी कुठे टाकणार असेन तर तेही सांगतो. मूल पाठमोरं असेल, तर ते चित्र बऱ्याचदा जास्त बोलतंही.

पिंजरा साफ करणाऱ्या, खाणं घालणाऱ्या मामांशी ओळख ठेवा. वाघ कोणत्या वेळी पाण्यात उतरतो, अस्वल कुठल्या ओंडक्यापाशी घुटमळतं, हे त्यांना पाठ असतं. फक्त काम चालू असताना मधे जाऊ नका, आणि त्यांचा फोटोही विचारूनच.

पोर्टफोलिओ करताना एक पथ्य. फोटोखाली ‘राणीची बाग’ असं स्वच्छ लिहा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली पहिला आलेला, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो २०१० मध्ये बाद झाला. लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत पडलं. छायाचित्रकाराने ते नाकारलं, पण बक्षीस गेलं. तुम्हाला रानटी जीवच हवा असेल तर बागेत मान वर करा. झाडांवर रातबगळे असतात, कुणी आणलेले नाहीत, आपले आपण येतात. टोपी घाला, वरून प्रसाद पडतो.

त्या गुरुवारी सहाशेवर फोटो निघाले, ठेवले नऊ. परतताना लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली म्हणून स्क्रीनवर एकेक बघत बसलो. शेजारचे गृहस्थ केव्हाचे वाकून बघत होते.

‘ताडोबा का?’

‘नाही, राणीची बाग.’

‘वाघ झकास आलाय. मधला तो टोपीवाला तेवढा काढता येईल ना?’

म्हटलं, ‘काका, तोच तर काढलाय.’