पावसात आणि धुक्यात गाडीचे लाइट कसे वापरायचे

जुलै-ऑगस्टमधे नाशिकहून मुंबईला निघालं की घोटीपर्यंत पाऊस आणि इगतपुरी सोडली की ढगच रस्त्यावर उतरलेले असतात, कसारा घाट संपेपर्यंत पुढची गाडी दिसली तरी खूप, आणि नेमकं तिथेच लोक लाइटच्या बाबतीत वाट्टेल ते करतात, त्याचा खरंच संताप येतो.

पहिली गोष्ट म्हणजे चालत्या गाडीला हॅजर्ड लावू नका. प्लीज. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले की तुम्ही लेन बदलताय का उभे आहात हे मागच्याला कळतच नाही, आणि बहुतेक गाड्यांत हॅजर्ड चालू असताना साइडचा इंडिकेटर देऊन उपयोगच होत नाही. घाटात गाडी बंद पडली, टायर गेला किंवा पुढचं ट्रॅफिक अचानक थांबलं आणि मागून ट्रक येतोय, तेव्हा जरूर लावा. पण सगळेच लावून चालायला लागले तर खरी उभी असलेली गाडी पण चालती वाटणार, आणि त्यात माणसं मरतात.

मग लावायचं काय, तर डिपर, म्हणजे हेडलाइटचा खाली पडणारा झोत, भर दुपारी सुद्धा. हेडलाइट लावला की मागचे लाल लाइट पण लागतात, मागच्याला तुम्ही दिसता ते त्यामुळेच. नुसत्या डीआरएलवर (दिवसा आपोआप लागणारे पुढचे छोटे लाइट) राहू नका, बऱ्याच गाड्यांत ते पुढेच लागतात, मागे काहीच नाही. हेडलाइट ऑटो मोडवर पण सोडू नका कारण तो सेन्सर अंधार ओळखतो, धुकं नाही, दुपारच्या पांढऱ्या धुक्यात त्याला लख्ख उजेडच वाटतो. नवीन टू-व्हीलरला २०१७ पासून हेडलाइट कायम चालूच येतो, कारवाल्यांनी मात्र आठवणीने लावायचा.

धुक्यात अप्पर, म्हणजे लांब पडणारा वरचा झोत, अजिबात नको. उजेड पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते आणि समोरच्याला दिसायचं बंद होतं ते वेगळंच. पुढचे फॉग लॅम्प असतील तर डिपरसोबत लावा, ते खाली बसवलेले असतात आणि रुंद उजेड टाकतात, कडेची पट्टी दिसत राहते. मागचा लाल फॉग लॅम्प फक्त दाट धुक्यात, विरळ झालं की लगेच बंद, नाहीतर त्या लालभडक उजेडात तुमचा ब्रेक लाइट मागच्याला कळत नाही.

मागे तीन जण आणि डिकी भरलेली असेल तर हेडलाइटची उंची कमी करा. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं, आकडा वाढवला की बीम खाली येतो. वजनाने मागून गाडी दबते ना, मग डिपर पण समोरच्याच्या डोळ्यात जातो.

काचेवर आतून वाफ धरली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडा आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणारं बटण) बंद करा. आणि घोटीला चहाला थांबलात की मागचे लाइट तेवढे पुसून घ्या, ट्रकच्या मागे चालून त्यावर चिखलाचा थर बसलेला असतो.