‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ पुन्हा कसा पाहावा

विल्यम वायलर यांचा १९४६ सालचा हा चित्रपट युद्धपटांत गणला जातो, परंतु त्यात एकही लढाई नाही. महायुद्ध आटोपून एकाच विमानाने आपल्या गावी परतलेल्या तीन सैनिकांची ती कथा आहे. पूर्वी कधीतरी फिल्म सोसायटीच्या खेळाला तो पाहिलेल्यांनी आता तो पुन्हा पाहावा आणि या वेळी हवाई दलातील कॅप्टन फ्रेड डेरी याच्यावर लक्ष ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या खेपेस आपली नजर तिघांतल्या होमरच्या हातांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आकड्यांवर खिळून राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. ती भूमिका करणारे हॅरल्ड रसेल यांनी लष्करी प्रशिक्षणातील स्फोटात दोन्ही हात खरोखरच गमावले होते. फ्रेडची जखम मात्र दिसत नाही, ती शोधावी लागते.

चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. पावसाळ्यातला एखादा रविवार मोकळा ठेवावा आणि तो एका बैठकीत पाहावा. लोकलच्या प्रवासात मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहणे कटाक्षाने टाळावे. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावता आला तर उत्तमच, कारण छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी जवळचे आणि दूरचे सारेच एकाच चौकटीत सुस्पष्ट ठेवले आहे आणि लहान पडद्यावर त्यातले दूरचे हरवून जाते.

याचा प्रत्यय घेण्यासाठी बुचच्या बारमधला प्रसंग दोनदा पाहावा. पुढे होमर आपल्या आकड्यांनी पियानो वाजवत आहे आणि शेजारी तिघांतला तिसरा, अ‍ॅल, उभा आहे. अगदी मागे, कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या खोक्यात, फ्रेड अ‍ॅलच्याच मुलीशी असलेले संबंध तोडत आहे. त्याचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, पियानोच तेवढा ऐकू येतो. दुसऱ्यांदा पाहताना पियानोकडे मुळीच पाहू नये. अ‍ॅलची मान किती वेळा मागे वळते ते पाहावे आणि त्याच्या नजरेबरोबर आपणही त्या खोक्यापर्यंत जावे.

एक आकडा मनात धरून बसावे: आठवड्याला साडेबत्तीस डॉलर. कॅप्टन म्हणून सन्मानपदके मिळवलेल्या फ्रेडला औषधांच्या जुन्याच दुकानात, सोडा आणि आइसक्रीमच्या काउंटरवर, एवढ्या पगारावर उभे राहावे लागते, तर हुद्द्याने त्याच्याखालचा सार्जंट अ‍ॅल बँकेत मोठ्या पदावर बसतो. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या माजी सैनिकाशी जे कधी निवांत बोलले असतील, त्यांना ही उलटापालट समजावून सांगण्याची गरज नाही. सोसायटीचा सुरक्षारक्षक फौजेतून आलेला असेल तर त्यालाही खेळाला सन्मानाने बोलवावे आणि पुढच्या रांगेत बसवावे.

त्यानंतरचे दोन प्रसंग सलग येतात, तेथे कोणीही चहासाठी उठू नये. फ्रेडने टाकून द्यायला सांगितलेले मानपत्र त्याचे वडील मोठ्याने वाचतात. ते वाचताना त्यांचा आवाज कसा जड होत जातो, ते ऐकावे. इकडे फ्रेड मोडीत काढलेल्या विमानांच्या मैदानात एका बॉम्बफेकी विमानात चढून आपल्या जुन्या जागी बसतो. त्या विमानाची इंजिने केव्हाच काढून नेलेली आहेत. कॅमेरा त्या रिकाम्या खोबणींवरून फिरतो आणि ह्यूगो फ्रिडहोफर यांचे संगीत इंजिने सुरू झाल्याचा भास निर्माण करते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचे मर्म या काही मिनिटांत आहे, म्हणून येथे आवाज थोडा वाढवावा.

पाहून झाल्यावर शक्य असेल तर त्याच आठवड्यात कुलाब्याला जाऊन नौसैनिकांच्या उठावाचे स्मारक पाहावे. हा चित्रपट ज्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला, त्याच वर्षी, १८ फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरील खलाशांनी संप पुकारला होता. निकृष्ट अन्न, अपुरा पगार आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक याबरोबरच सेवामुक्तीचा प्रश्नही त्यांच्या तक्रारींत होता. त्या उठावाविषयी चार पाने वाचून फ्रेडचे दुकानातले प्रसंग तिसऱ्यांदा लावावेत.